रणगाड्यावरची माती

माझा मुलगा सैन्यात गेला तेव्हा त्याच्या टेबलावर एक अर्धवट रणगाडा राहिला. खेळण्यातला नव्हे, जोडायचा. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले बारीक बारीक भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, मग रंगवायचे. सगळं नीट जमलं तर तळहाताहून जरा मोठा, हुबेहूब रणगाडा उभा राहतो. भरतीची तयारी करत होता त्या दिवसांत त्यानं तो आणला. सकाळी आमच्या सांगवीत नदीकडेच्या रस्त्यावर धावून यायचा, आंघोळ करायचा आणि जेवायला हाक मारेपर्यंत त्यात डोकं घालून बसायचा. खालचा सांगाडा झाला, चाकं लागली आणि भरतीत त्याचं नाव आलं.

“राहू दे तसाच. सुट्टीला आलो की करतो,” म्हणाला आणि नगरला प्रशिक्षणाला गेला. त्याला नेमकं रणगाड्याच्याच दलात घेतलं होतं आणि तिथं ड्रायव्हर केलं. माझा नवरा कंपनीची बस चालवतो, सांगवी-पिंपळे गुरवची माणसं महाळुंग्याच्या कारखान्यांत पोचवतो. त्याला केवढा आनंद झाला! “घरात दोन ड्रायव्हर झाले. त्याची गाडी जरा जड आहे एवढंच,” असं तो भेटेल त्याला सांगायचा.

मी त्या टेबलाभोवती झाडायचे, पुसायचे, खोक्याला हात लावत नव्हते. पहिली सुट्टी त्याची मित्रांत गेली, दुसरी झोपण्यात. रणगाडा तसाच राहिला.

मग तो उन्हाळा आला. सीमेवर तणाव वाढला. मुलाची रेजिमेंट पश्चिमेकडे कुठंतरी होती. कुठं, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एका रविवारी फोनवर म्हणाला, “आई, काही दिवस फोन लागणार नाही. काळजी करू नको.” मी “बरं” म्हणाले. फोन ठेवला आणि भांडी घासायला लागले. घासलेली भांडी परत घासली.

त्यानंतर घरात टीव्ही बंद होईना. नवरा ड्युटीवरून आला की बूट न काढता समोर बसायचा. पडद्यावर माणसं एकमेकांवर ओरडायची, मागं रणगाडे धावायचे, धूर उडायचा. ते चित्र कुठल्या देशातलं, कुठल्या सालातलं, काही कळायला मार्ग नव्हता. तरी मी प्रत्येक रणगाड्यात पुढच्या झाकणातून बाहेर आलेलं डोकं शोधायचे. ड्रायव्हर तिथं बसतो एवढं मला ठाऊक झालं होतं.

मी महाळुंग्याजवळच्या एका मोटारींच्या कारखान्यात, रंगकामाच्या विभागात तपासणीला आहे. रंगून, भट्टीतून भाजून आलेली गाडी ट्यूबलाइटच्या बोगद्यातून आमच्या समोर येते. हातमोजा घालून तिच्या अंगावरून हात फिरवायचा, नजर तिरकी करायची आणि धुळीचा कण, ओघळ, ओरखडा दिसला की खूण करायची. इतकी वर्षं हेच करतेय. लग्नाच्या पंगतीत ताट हातात आलं तरी आधी त्यावरचा चरा दिसतो, असं नवरा म्हणतो. त्यात काही खोटं नाही.

त्या आठवड्यात माझ्या खुणा वाढल्या. गाडी समोर आली की मला कुठंतरी काहीतरी खटकायचंच. दारावर सावली दिसायची, छतावर लाट दिसायची. माझ्या पुढच्या टप्प्यावर लातूरकडची एक मुलगी घासून पॉलिश करते. ती घामाघूम होऊन म्हणाली, “ताई, इथं काहीच नाही की ओ. मी घासू काय?” थोड्या वेळानं सुपरवायझर आला. वयानं माझ्याहून लहान, पण समजूतदार. मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, आज सगळ्याच गाड्या नापास करताय. घरी काही आहे का?”

“मुलाचा फोन नाही,” मी म्हणाले.

त्याला मुलगा कुठं आहे ते ठाऊक होतं. “रजा टाका आठवडाभर,” तो म्हणाला.

“घरी बसून काय करू?” मी जरा तोडूनच बोलले. कारखान्यात निदान हात चालू होते. पण त्यानं ऐकलं नाही आणि त्याचंही बरोबर होतं. लाइन माझ्यामुळं अडत होती.

रजेच्या पहिल्या दिवशी मी पंख्यांची पाती पुसली, डबे काढून पुन्हा लावले, कपाटातल्या साड्यांच्या घड्या मोडून नव्या घातल्या. दुपारी हात रिकामे झाले. मी त्याच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले आणि खोकं उघडलं.

आत माहितीचा कागद होता. त्यावर मराठी-इंग्रजी काहीच नव्हतं, नुसती चित्रं आणि आकडे. ते बरंच झालं. कुठला भाग कुठं बसतो हे बाण दाखवत होते. त्यानं कापलेले काही भाग एका काडेपेटीत जपून ठेवलेले होते, कडा कानशीनं घासलेल्या. मी चिमटा उचलला आणि पट्ट्याचा पहिला दुवा जोडला. रणगाड्याचे पट्टे म्हणजे एकेक दुवा वेगळा. चिकटवायचा, थांबायचं, पुढचा चिकटवायचा. घाई केली की रांग वाकडी होते. मी घाई केली, रांग वाकडी झाली, उखडली, परत लावली. मध्येच उठून फोन बघायचे. कुणाचा आलेला नसायचा. परत बसायचे. संध्याकाळी नवरा आला तेव्हा घरात अंधार होता आणि मी खिडकीच्या उजेडात वाकून बसले होते.

“हे काय चाललंय?”

“जोडतेय.”

बाहेर जाऊन त्यानं टीव्ही लावला. मी दार लोटून घेतलं.

दोन-तीन दिवसांत रणगाडा उभा राहिला. खाली चाकं, पट्टे, वर फिरणारा बुरूज, पुढं लांब तोफ. आता रंगाचं काम होतं आणि ते माझं होतं. मी पिंपरी कॅम्पात गेले. त्या गल्ल्यांतून एरवी चादरी-पडदे घ्यायला जाते. एका हस्तकलेच्या दुकानात स्प्रेचे डबे मिळाले. दुकानदारानं विचारलं, “शाळेचा प्रोजेक्ट का?” मी “हो” म्हणाले. खोक्यावरचा रणगाडा हिरवा होता, पण मी मातकट रंग घेतला. आपला मुलगा वाळूच्या मुलखात असणार असं माझ्या मनानं ठरवून टाकलं होतं.

बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरून रंग मारला. पहिला हात छान बसला. दुसऱ्या हाताला खालून ॲम्ब्युलन्स गेली, माझं लक्ष उडालं, हात एका जागी रेंगाळला आणि बुरुजाच्या कडेला ओघळ आला. कारखान्यात असती तर तिथंच खूण केली असती. मला तो ओघळ बघवेना. खिडकीच्या गजांना रंग दिला होता तेव्हाचा थिनर घरात होता. कापसाचा बोळा बुडवला आणि पुसला.

पत्र्यावर चालतं ते प्लास्टिकवर चालत नाही, हे मला कळायला हवं होतं. रंग गेलाच, पण खालचं प्लास्टिकही चिकट, मऊ झालं. मी घाबरून बोटानं दाबून सारखं करायला गेले तर बोटच आत रुतलं. काढलं तर बुरुजावर खळगा, त्यात माझ्या बोटाचे वळसे.

मी खाली बसले. आमच्या घरात शकुन-अपशकुन कुणी मानत नाही. माझ्या वडिलांनी तसलं काही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं आणि मीही येऊ देत नाही. पण त्या दुपारी बाल्कनीत बसून मी त्या खळग्याकडं बघत राहिले. हातात फोन घेतला, मुलाला लावला. बंद. परत लावला. बंद.

नवरा आला तेव्हा मी तिथंच होते.

“काय झालं?” त्यानं दारातूनच घाबरून विचारलं. त्याला वाटलं फोन आला.

“वितळला,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

त्यानं माझ्या हातातून तो बुरूज घेतला, चष्मा वर केला, उजेडाला धरला. “प्लास्टिक आहे गं.”

“मला माहितीये प्लास्टिक आहे!”

तो शेजारी भिंतीला टेकून बसला. बस चालवायच्या आधी तो भोसरीच्या एका फाउंड्रीत होता. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम. बुरूज फिरवून बघत म्हणाला, “हा खरा ओतीव असतो ना?”

“असेल. मला काय ठाऊक?”

“ओतीवच असणार. मग एवढा गुळगुळीत कसा? साच्यातून काढलेला माल कधी असा बघितलाय? वाळूचे दाणे उमटलेले असतात त्यावर. हात लावला की खरबरीत लागतो.” मग बुरूज माझ्या हातात देत म्हणाला, “सगळाच खरबरीत कर की.”

मी नाक पुसलं. “कसा?”

“एक जुना ब्रश हवा.”

त्यानं दाढीचा जुना ब्रश आणला. मी खळगा पुट्टीनं भरला आणि ती सुकल्यावर आम्ही दोघं मिळून बुरुजावर थिनर हलकेच टिपत गेलो. टिपायचं, जरा मऊ झालं की कोरड्या टोकानं ठोकायचं. वरचा थर बारीक बारीक उठत गेला. “हां, असाच निघायचा,” तो म्हणत होता. “आणि ही बघ, साच्याच्या दोन भागांमधली रेघ. ती राहते, कितीही घासली तरी.” त्यानं सुरीच्या टोकानं तीही ओढली. बोलण्याच्या नादात फाउंड्रीतल्या उन्हाळ्याच्या, तिथल्या एका चिडक्या फोरमनच्या गोष्टी निघाल्या. इतक्या वर्षांत त्यानं त्या मला सांगितल्या नव्हत्या. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की आज टीव्ही लागलाच नव्हता.

रजा संपली, मी कामावर रुजू झाले. दिवसभर गाड्या तपासायच्या, संध्याकाळी रणगाडा. रंग पूर्ण झाल्यावर तो जुना करायचा असतो. व्हिडिओत बघून शिकले. पातळ काळपट रंग खाचांतून सोडायचा म्हणजे सांधे उठून दिसतात. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा गडद रंगात बुडवून कडांवर टिपायचा म्हणजे रंग उडाल्यासारखा दिसतो. दिवसा मी जे डाग शोधून काढायचे, तेच संध्याकाळी बसून पाडत होते. पहिला ओरखडा काढताना हात धजेना. मग सवय झाली.

मातीसाठी मी खरी माती आणली. महाळुंग्यात बसथांब्यामागं नव्या शेडचं खोदकाम चालू होतं. तिथून चिमूटभर रुमालात बांधून घेतली. लातूरची पोरगी बघत होती. “ताई, माती कशाला लागली ओ?”

“रणगाड्याला.”

ती हसली नाही. “मग ती वरची नका घेऊ, त्यात सिमेंट हाय. खालची घ्या,” म्हणाली आणि चपलेनं वरचा थर बाजूला करून दिला.

ती माती चहाच्या गाळणीनं चाळली, मग फडक्यातून चाळली. पाण्यात जराशी कालवून चाकांना लावली, पट्ट्यांत भरली, वरून कोरडी फुंकरली. छान दिसत होतं. तिथं थांबायला हवं होतं. पण थांबलं की हात रिकामे, आणि हात रिकामे झाले की फोन. म्हणून दुसऱ्या दिवशी बाजूच्या पत्र्यांवर लावली. तिसऱ्या दिवशी पुढच्या भागावर. मग गंज. मग तेलाचे ओघळ. मग पुन्हा माती. नवऱ्यानं एकदा डोकावून बघितलं. “अगं, आता बास. नांगरट करून आल्यासारखा दिसतोय.”

“लढाईत असाच होतो,” मी म्हणाले.

माझ्याही तोंडून तो शब्द त्या दिवसांत पहिल्यांदाच निघाला होता.

फोन आला तेव्हा मी परतीच्या बसमध्ये होते. मोशीजवळ गाड्या तुंबल्या होत्या. अनोळखी नंबर होता.

“आई, मी बोलतोय. दुसऱ्याचा फोन आहे. ठीक आहे मी.”

मला इतकं काय काय विचारायचं होतं. तोंडातून आलं, “जेवलास का?”

“जेवलो.”

“तुमच्या गाडीचा रंग कुठला आहे रे?”

मग तो हसला, अगदी मोकळा हसला. “आई, असलं फोनवर विचारायचं नसतं. कुणी ऐकलं तर तुलाच धरतील.”

“बरं, बरं. नको सांगू.”

“ठेवतो.” फोन बंद झाला. बस जागची हलली नव्हती. शेजारच्या बाईनं विचारलं, “मुलगा का?” मी मान हलवली.

पुढं तणाव निवळला. पावसाळा सरत आला तेव्हा त्याला सुट्टी मिळाली.

मला वाटलं होतं तो आला की माझी घालमेल संपेल. पण आता तोच घरात ठरेना. बसला की उठायचा. गॅलरीत जाऊन उभा राहायचा, खालच्या गाड्या बघायचा, आत यायचा. उजाडायच्या आत उठून, अंथरुणाची कोपऱ्याला कोपरा लावून घडी करून बसलेला असायचा. एका संध्याकाळी खाली कुणीतरी वाढदिवसाला फटाक्यांची माळ लावली. त्यानं चहाचा कप खाली ठेवला, मान वळवली आणि फटाके संपेपर्यंत तसाच बसून राहिला. मी काही विचारलं नाही. त्याच्या वडिलांनी विचारलं, “तिकडं फार काही झालं का रे?”

“नाही पप्पा. वाट बघितली नुसती. गाडीत बसून वाट बघायची.”

एवढं बोलून तो पुन्हा गॅलरीत गेला.

रणगाडा मी कपाटावर ठेवला होता, त्याच्या नजरेला पडेल असा. मुलगा दोन दिवस त्याच्यासमोरून नुसता ये-जा करत होता. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर खाली उतरवला. फिरवून फिरवून बघितला. मी ओट्याशी उभी राहून बघत होते.

“हे सगळं तू केलंस?”

“पप्पांनी बुरूज केला.”

“बुरूज एक नंबर झालाय.” मग त्यानं भुवया चढवल्या. “पण आई, हा इतका घाण कसा?”

“घाण? माती आहे ती. महाळुंग्याहून आणली.”

“अगं, असा रणगाडा उभा केला तर आमचा उस्ताद जीव घेईल! रोज संध्याकाळी धुतो आम्ही. पट्ट्यातला चिखल सळईनं टोकरून काढायचा, मग पाइपनं धुवायचा, पुसायचा, ग्रीस भरायचं. तोफ तर सगळे मिळून साफ करतो, लांब दांडा घेऊन. दिवसातला निम्मा वेळ धुण्यात जातो. घरी तू एक ताट घासायला लावलं नाहीस कधी.”

इतके दिवस माझ्या डोळ्यांपुढं तो धुरात आणि धुळीत होता. हातात पाइप आणि फडकं घेतलेला कधी आला नव्हता.

“गंज तर नसतोच,” तो म्हणाला. “आणि रंग उडतो, पण इथं नाही उडत.” त्यानं पुढच्या झाकणाच्या कडेला बोट टेकवलं. “इथं उडतो. आत उतरताना, बाहेर येताना इथंच धरतो आम्ही. माझ्या आधीच्या ड्रायव्हरनंही इथंच धरलं असेल. पार लोखंड दिसतं, चकचकीत.”

“मग तिथं कर,” मी पेन्सिल पुढं केली. त्यानं शिसं बोटावर घासलं आणि झाकणाची कड बोटानं चोळली. राखाडी, झळाळती रेघ उमटली. ती बघून त्याचं समाधान झालं नाही. “थांब,” म्हणाला आणि बाथरूममधून जुना टूथब्रश घेऊन आला.

रणगाड्यावर शेवटचा वार्निशचा हात मी दिला नव्हता. दिला असता तर माती पक्की बसली असती. मला तो पुरा झाला असं कधी वाटलंच नव्हतं, म्हणून राहिला होता. त्यानं बेसिनचा नळ बारीक सोडला आणि घासायला सुरुवात केली. माझा पंधरवड्याचा चिखल तांबूस होऊन जाळीतून जाऊ लागला. नवरा पाणी प्यायला आला होता, तो ओरडला, “अरे, तिनं किती मेहनत केली त्यावर!”

“घासू दे,” मी म्हणाले.

तो अगदी पद्धतशीर घासत होता. आधी वरचं, मग बाजू, मग खालचं. ओठ मिटलेले, कपाळाला आठी. लहानपणी चित्र रंगवताना असायची तशीच. पट्ट्यांपाशी आल्यावर थांबला. “इथली राहू दे थोडी. इथली आमचीही सगळी निघत नाही.” फडक्यानं टिपून त्यानं रणगाडा माझ्या हातात दिला. मातकट, स्वच्छ, झाकणाच्या कडेला झिजलेला. ओला होता, म्हणून नवा वाटत होता.

मग तो आत जाऊन आडवा झाला. चहाच्या वेळी हाक मारायला गेले तर गाढ झोपलेला, एक हात पलंगाबाहेर लोंबत होता. उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत नेऊन मी रणगाड्याला वार्निशचा हात दिला. आठवड्यानं तो गेला. त्याला गाडीत बसवून आलो आणि मी सेकंड शिफ्टला गेले. पॉलिशवाली पोरगी म्हणाली, “ताई, आज डोळे सुजलेत,” आणि तिनं माझ्या वाटणीच्या दोन गाड्या स्वतःच बघितल्या.

घालमेल गेली असं काही मी म्हणणार नाही. फोन लागला नाही की अजून हात शिवशिवतात, उगाच फळ्या पुसत सुटते. नवरा टीव्ही लावतो आणि माझं तोंड बघून बंद करतो. पण संध्याकाळी परतीच्या बसमध्ये बसले की आता मला निदान एवढं ठाऊक असतं, की या वेळी तो कुठंतरी बाह्या वर करून, पाइप हातात धरून उभा असणार, आणि पट्ट्यातली माती निघत नाही म्हणून वैतागलेला असणार.